नखुले आणि पाठीवरचा हात

शनिवार, ऑक्टोबर. बॉस्टनचं हॉटेल.

आज निखिल आणि रसिका मला इटालियन स्वयंपाकाच्या क्लासला घेऊन गेले. लेकानं, सुनेनं त्यांच्या कॅरीच्या घरून विमानानं इथं फिरायला आणलं म्हणून मी हरखलेच होते. दक्षिण इटलीतला तो कानाच्या पाळीसारखा पास्ता म्हणजे लग्नात खिरीसाठी वळतो ते आपले नखुलेच की! अंगठ्यानं दाबायचं, झालं. मी भराभर वळत होते.

तेवढ्यात रसिकानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोरच्या बाईला हसत इंग्रजीत सांगितलं, "बाळ होईपर्यंत या राहणार होत्या. पण घरभर फोडणीचा वास, वर यांचे सल्ले! यांचं भारतात परतायचं तिकीट अलीकडचं केलंय. यांना अजून माहीत नाही, सांगायच्या आधी खूश करावं म्हणून ही ट्रिप."

माझी शाळा सातवीपर्यंत. पण टीव्हीवर चित्राखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून वाचून मी इंग्रजी शिकले, हे तिला कुठं ठाऊक? बोलली ते बोलली, पण पाठीवर हात कशाला? बोकडाला कापायच्या आधी कुरवाळतात, तसा? बाळाची दुपटी शिवून आणली आहेत मी. आता ती कुणाच्या हातात देऊ?

मग केलेलंच जेवायला बसलो. मोहरीच्या पाल्यासारखी भाजी, लसूण, चीज. चव छान होती, खोटं कशाला बोलू?

निखिल वाढत होता. "आई, मजा येतेय ना?"

"येतेय की. माझं तिकीट कधीचं केलंस रे?"

रसिकाचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला इंग्रजी कळतं? मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?" वर माझ्यावरच चिडली.

निखिलनं मान वर केली नाही. "येत्या बुधवारचं," म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला.