विहिरीची धून, धुनेशिवाय

१२ जून
पदवी घेऊन घरी आले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. मम्माने ती लगेच काचेत बसवायला दिली. इथे पदवी मिळाली की माणसाला डॉक्टरच म्हणतात. खाटीक रोक्कोकाकांनी आज भर रस्त्यात डॉक्टरीणबाई अशी हाक मारली आणि गुडघा पुढे केला. मी चेलोची पदवी घेतली आहे असं सांगितलं. ते म्हणाले, असू दे, जरा बघ तर.

आजपासून रोजनिशी. कुणासाठी नाही, स्वतःला शिस्त लागावी म्हणून.

ठराव: रोज चार तास सराव. फोकाच्चा, म्हणजे बेकरीतला तो तेलकट जाड पाव, बंद. भावाशी, दोनातोशी, भांडायचं नाही.

१३ जून
मोठं काम ठरलं. २३ ऑगस्टला संगीतकार सान्तामातोंचा दहावा स्मृतिदिन. ते जन्मले इथे, मोन्तेसेर्रोत. सहा वर्षांचे असताना घरच्यांबरोबर रोमला गेले आणि परत कधी फिरकले नाहीत, पण त्यामुळे ते आमचे नाहीत असं गावात कुणी म्हणून दाखवावं. त्यांची ती सिनेमातली विहिरीची धून, तहानलेला घोडेस्वार कोरड्या विहिरीपाशी येतो तेव्हाची, इथे लग्नात वाजते, मयताला वाजते, आइस्क्रीमच्या गाडीवरही वाजते. वाजवून वाजवून तिचा पार चोथा झाला आहे.

ती मी एकटी चेलोवर वाजवणार. नव्याने अर्थ लावून. गावाला पहिल्यांदा कळेल की आपल्याकडे काय होतं.

नगरपालिकेच्या पाल्मिसानोबाईंना भेटले. मुख्य कार्यक्रम बँडऐवजी माझा करा म्हटलं. एका मिनिटात हो म्हणाल्या. एक बाई, एक खुर्ची, किती सुटसुटीत, म्हणाल्या. कलेची जाण असलेली माणसं अशी पटकन ओळखतात.

१४ जून
पप्पांना सांगितलं. सांगणं भागच होतं, कारण बँडमध्ये विहिरीची धून पप्पाच वाजवतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. दिवसभर तेलाच्या घाण्यावर काम आणि संध्याकाळी गच्चीवर फ्लिकोर्नो. फ्लिकोर्नो म्हणजे ट्रम्पेटचा जाडा भाऊ, आवाज लोण्यासारखा.

पप्पा मोरीत त्याचं फुंकायचं तोंड धूत होते. म्हणाले, छान. मग पुन्हा म्हणाले, छान, छान. ते तोंड त्यांनी आणखी बराच वेळ धुतलं. मम्मा शेंगा सोलायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं. पुढचे चार दात ऑगस्टअखेर काढायचे ठरलेत. दात गेले की फुंकणं संपलं. म्हणजे हे तसंही शेवटचंच वर्ष होतं. ते शेवटचं मागच्याच वर्षी होऊन गेलं असं धरायचं. एका वर्षाने काय बिघडतं.

२० जून
काम जोरात. आधी साथीचे सूर काढून टाकले. मग लक्षात आलं, खरी अडचण धूनच आहे. ती सगळ्यांना इतकी पाठ आहे की ऐकूच येत नाही. म्हणून धूनही काढली. आता उरली आहे ती नुसती तहान. अकरा मिनिटांची.

आजचा सराव: अर्धा तास. फार ऊन.

२ जुलै
माझ्या चेलोच्या प्राध्यापकांना फोनवरून सगळं वाजवून दाखवलं. संपल्यावर त्यांनी घसा खाकरला. अखेर म्हणाले, धाडसी आहे. मग म्हणाले, ओर्नेल्ला, धून कुठे येते? मी म्हटलं, ऐकणाऱ्याच्या मनात. मग फोन कट झाला. आमच्या डोंगरात रेंज नाही.

धाडसी. त्यांनी हा शब्द वर्षभरात कुणासाठीही वापरलेला नाही.

७ जुलै
शेजारच्या नुन्झियामावशी मम्माला विचारत होत्या, चार दिवस भिंतीपलीकडून काहीतरी घासल्यासारखा आवाज येतोय, फ्रिज बिघडला असेल तर दोनातोला का नाही सांगत, घरचाच तर मेकॅनिक. दोनातो खिडकीतून ओरडला, मावशी, तो फ्रिज नाही, ती आमची पदवी आहे.

भांडले नाही. फक्त दार आपटलं.

फोकाच्चा: एक तुकडा. टोमॅटोवाला, म्हणजे भाजीच.

१५ जुलै
बँडचे लोरुस्सो मास्तर घरी आले. कॉफीत साखर ढवळत बसले, प्यायलेच नाहीत. म्हणाले, पोरी, तू वाजव, भरपूर वाजव, कुणाची ना नाही. पण तुझं झालं की पाच मिनिटं तुझ्या बापाला, कोसिमोला, दे. शेवटचं एकदा. माणसं वाट बघतात गं.

मी त्यांना नीट समजावलं. एका संध्याकाळला एकच हृदय असतं. माझ्यानंतर लगेच तीच धून बँडने वाजवली तर मी पुसलं ते सगळं परत लिहिल्यासारखं होईल. शेवटी ठरलं की बँड नेहमीसारखा गणवेशात मंडपात बसेल, सुरुवातीला एक मार्च वाजवेल, शेवटी एक. विहिरीची धून नाही.

मास्तरांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, मार्चला माझी गरज नाही मास्तर, मी बाजा आणणार नाही. मी समोर बसणार. मला पोरीला समोरून बघायचंय.

मला भरून आलं. मास्तर थंड कॉफी एका घोटात पिऊन उठले. जाताना मम्माला म्हणाले, रोझारिया, तू तरी बोल. मम्मा म्हणाली, मी शिकलेली नाही मास्तर, मी काय बोलू.

मम्माला असा कमीपणा वाटू नये. तिच्याशी एकदा बोलायला हवं.

२८ जुलै
घरात शांतता. पप्पांनी गच्चीवर वाजवणं थांबवलंय, जूनपासूनच. आज विचारलं तर म्हणाले, तुझा सराव असतो ना. इतका समंजसपणा मी शहरात कुणात पाहिला नाही. त्या शांततेचा फायदा घ्यायला हवा होता, पण आज गजाचे केस सैल झाले होते.

मम्माने रस्सा दुसऱ्यांदा खारट केला. माझ्या कार्यक्रमाचं टेन्शन.

५ ऑगस्ट
पोस्टर लागलं. फोटोत मी चेलोला मिठी मारून डोळे मिटलेत. दोनातो म्हणाला, चोर येणार आहे का गं प्रोफेसरबाई, इतकं घट्ट धरलंयस. सोडून दिलं.

मग जेवताना तो हसणं थांबवून सरळ म्हणाला, तू पप्पांचं काढून घेतलंस, आणि ते देतायत म्हणून तुला कळत नाहीये. पप्पा म्हणाले, दोनातो, पाव दे. दोनातोने पाव दिला आणि उठून गेला.

त्याचं मी समजू शकते. त्याला शिकायला मिळालं नाही. पप्पांनी एकाच्याच फीचा भार उचलला, माझ्या. अशा माणसात कडवटपणा येणारच. मी त्याला क्षमा केली, मनातल्या मनात. तोंडावर सांगितलं तर चिडेल.

१० ऑगस्ट
आज जेवताना पप्पांनी विचारलं, तुझ्यात ती जागा कशी आहे गं, घोडेस्वार वाकून विहिरीत बघतो ती. सूर वर जाता जाता थांबतो बघ. मी तिथे श्वास चोरून घेतो, कुणाला कळत नाही. तू तिथे काय करतेस?

मी म्हटलं, पप्पा, ती जागा माझ्यात नाही.

ते म्हणाले, अच्छा. मग मान हलवून म्हणाले, म्हणजे आधीच थांबतेस.

मी म्हटलं, धूनच नाही पप्पा.

ते कलिंगडाच्या बिया वेचत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, तुम्हा शिकलेल्यांचं वेगळं असतं, मला समजेल तेव्हा.

रात्रीचे दोन वाजले, झोप येत नाहीये. कलिंगड असेल. पण कलिंगड सगळ्यांनीच खाल्लं.

ठराव: उद्या पाल्मिसानोबाईंना भेटायचं. माझी अकरा मिनिटं सहा करायची आणि नंतर पप्पांना वाजवू द्यायचं. उद्या नक्की.

११ ऑगस्ट
गेले. नगरपालिकेला कुलूप. ऑगस्टची सुट्टी, सगळे समुद्रावर. दारावर पाल्मिसानोबाईंचा मोबाइल नंबर लिहिला होता, पण सुट्टीत माणसाला त्रास देणं बरं नाही.

म्हणजे हे असंच व्हायचं असणार. मी माझ्याकडून प्रयत्न केला. मन हलकं झालं. परतताना फोकाच्चा.

१९ ऑगस्ट
सलग अकरा मिनिटं न थांबता वाजवलं, पहिल्यांदाच. नुन्झियामावशींनी भिंतीवर थाप मारली. कौतुक असावं. दोनदा मारली.

२३ ऑगस्ट, सकाळ
आज. पप्पांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. मम्माला हात लावू दिला नाही. मला विचारलं, कॉलर ठीक आहे का. असं वाटत होतं की वाजवायला तेच निघालेत.

मी शांत आहे. आज गाव बदलणार.

२४ ऑगस्ट
सगळं लिहून काढायचं. जसं झालं तसं. आज तरी.

चौकात दिव्यांचा मंडप. खुर्च्या भरलेल्या, मागे माणसं उभी, भिजवलेल्या डाळीच्या पुड्या हातोहात. बँडने मार्च वाजवला. मास्तरांनी मला पुढे बसवलं. पहिल्या रांगेत पप्पा, बाजूला मम्मा, दोनातो, रोक्कोकाका.

मी वाजवलं. अकराच्या अकरा मिनिटं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणी खोकलं नाही, डाळसुद्धा चघळली नाही. मला वाटलं, पोचलं. शेवटचा सूर विरून गेला आणि मी गज खाली घेतला.

टाळी नाही. सगळे माझ्याकडे बघतायत, आनंदाने, वाट बघत. मग रोक्कोकाका जागेवरूनच, अगदी अदबीने म्हणाले, झालं का जुळवून डॉक्टरीणबाई? सुरू करा मग. सावकाश होऊ द्या, आम्हाला घाई नाही.

ते चेष्टा करत नव्हते. अकरा मिनिटं सगळं गाव माझ्या तारा जुळायची वाट बघत होतं. म्हणून तर शांत होतं.

मी गज मांडीवर आडवा ठेवला. मास्तरांच्या लक्षात आलं. मला सावरायला म्हणून त्यांनी काठी उचलली आणि बँडने विहिरीच्या धुनेची सुरुवात धरली, ती घोड्याच्या टापांसारखी. आमच्याकडे पद्धत अशी की वाजवणारा उभा राहून तयार होईपर्यंत बँड त्याच टापा फिरवत राहतो. कितीही वेळ. त्याला ढकलत नाहीत. पप्पा दरवर्षी त्या टापांवर उठतात, रुमालाने ओठ टिपतात आणि शिरतात.

टापा फिरत होत्या. मान वळवून सगळा चौक पप्पांकडे बघत होता. पप्पा मांडीवर हात ठेवून बसलेले, हात रिकामे. कुणीतरी मागून म्हणालं, कोसिमो, बाजा कुठंय? पप्पांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. ती वाजवेल. आणि मला मान हलवून दाखवली, जशी मी लहान असताना सायकल सोडून देताना हलवली होती. जा.

ती धून मला बोलता येण्याआधीपासून येते. मी गज टेकवला आणि शिरले. चुकीच्या पट्टीत. बँडची पट्टी वेगळी, माझी वेगळी, दोन महिने मी माझ्याच पट्टीत होते. मुलं हसली. थांबले. टापा फिरत राहिल्या. पुन्हा शिरले, यावेळी पट्टी सापडली, पण चार सुरांपुढे हात जाईना. पुढचं मी इतक्या वेळा खोडलं होतं की बोटांना ते आठवेना. थांबले.

बँड मला ढकलत नव्हता. ते सगळ्यात वाईट होतं.

मग नुन्झियामावशी गुणगुणायला लागल्या. मग त्यांच्या बाजूचे. मग सगळा चौक. चौकाने धून पूर्ण केली, मला वाचवायला. पप्पा गात नव्हते. त्यांची तीन बोटं मांडीवर, पांढऱ्या शर्टाच्या कडेशी, नसलेल्या बाजाच्या कळा दाबत होती. घोडेस्वार वाकतो त्या जागी बोटं थांबली, त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा चालू झाली. यावेळी मला कळलं तो श्वास कुठे आहे.

टाळ्या खूप पडल्या. गावाने स्वतःला आणि बँडला दिलेल्या. रोक्कोकाका नंतर म्हणाले, घाबरलीस होय, होतं असं पहिल्यांदा. पप्पा म्हणाले, तुझा तो जाड तारेचा सूर फार सुंदर आहे. ते खरं बोलत होते, म्हणून मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

२७ ऑगस्ट
दोन दिवस काही लिहिलं नाही.

काल पप्पांना म्हटलं, आज संध्याकाळी गच्चीवर वाजवा, फक्त मला ऐकायचंय, मी टापा धरते. हो म्हणाले. फ्लिकोर्नो काढला, पुसला, ओठाला लावला. हवा आली. पुन्हा लावला, एक सूर निघाला आणि मध्येच फाटला. म्हणाले, ओठ जूनपासून बंद आहेत ना, ते परत यायला दोन महिने लागतात. दात गुरुवारी आहेत.

मी म्हटलं, दात पुढे ढकलू. ते म्हणाले, दुखतात गं.

बाजा बँडचा असतो, वाजवणं संपलं की खोलीवर परत द्यायचा. आज सकाळी ते तो पेटीत घालून द्यायला निघाले. मी मागे मागे गेले. कोपऱ्यावर म्हटलं, पप्पा, पेटी मी घेते. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

म्हणाले, राहू दे, हलकी आहे.