सहा नंबरचं काडतूस

दोंडाईचा
ता. २१ ऑगस्ट १९६७

ती. स्व. नाना यांसी,
तोतारामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुमची बहीण तानू मजेत आहे आणि रोज तुमची आठवण काढून मला टोमणे मारते.

पत्रास कारण आनंदाचं आहे. बंदुकीचा परवाना मंजूर झाला! जूनमध्ये अर्ज टाकला आणि ऑगस्टात कागद हातात. तापीकाठची नवी जमीन तुम्ही अजून पाहिली नाही. भुईमूग असा आलाय की बांधावर बसून नुसतं बघत राहावं. पण रानडुकरांनाही तो तितकाच आवडलाय. पहाटे येतात आणि ओळीच्या ओळी उकरून जातात. मिरचीचा व्यापारी मी, डुकरापुढे काय करणार?

धुळ्याच्या दुकानात दोन बंदुका पाहिल्या. दोन्ही बारा बोअरच्या, दुनळी. एक बेल्जमची, वापरलेली, बाहेर घोडे असलेली. दुसरी नवीकोरी, बिनघोड्याची, चकचकीत. दुकानदार वर दुर्बीणही बसवून देतो म्हणतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही वीस वर्षं पहूरचं शिवार डुकरांपासून राखलंत, तेही ठासणीच्या बंदुकीवर. तुमच्यासारखा माणूस घरात असताना मी दुकानदाराचं का ऐकू? बंदूक कोणती, काडतुसं कोणती, नेम कसा धरायचा, सगळं सविस्तर लिहा.

तुमची मोडी मला वाचता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण आमचे दिवाणजी वाचून दाखवतात, तेव्हा खुशाल मोडीत लिहा.

घरात वडीलधाऱ्यांना नमस्कार. लोभ आहेच, त्यात काटछाट नको.

आपला
तोताराम


पहूर
ता. ३० ऑगस्ट १९६७

रा. रा. तोतारामजी पाहुणे यांस,
जीवरामचा रामराम वि. वि.

पत्र पोचलं. जूनमध्ये अर्ज आणि ऑगस्टात परवाना! वा, पाहुणे, वा! माझा दुनळीसाठीचा अर्ज चार वर्षं झाली, जामनेरहून जळगावला जातो आणि जळगावहून जामनेरला परत येतो. एस.टी.च्या ड्रायव्हरने केल्या नसतील एवढ्या फेऱ्या त्या कागदाने केल्या. गेल्या सालात मी नऊ डुकरं पाडली. एक बार झाडला की पुन्हा दारू ठासा, चिंधी ठासा, छर्रे ठासा. तोवर डुक्कर उभं राहिलं तर आपलं नशीब. आणि तुम्ही, ज्यांनी तराजूशिवाय दुसरं काही हातात धरल्याचं मला आठवत नाही, तुम्हाला दुनळी. असो. नशीब एकेकाचं.

विचारलंत म्हणून सांगतो. बेल्जमचीच घ्या. घोडे बाहेर असले की बंदूक चढवलेली आहे की नाही ते नवशिक्यालाही डोळ्यांनी दिसतं. घेताना दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा, बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी डोळ्यासमोर आली तर बंदूक तुमची, नाहीतर दुकानदाराची. माशी म्हणजे तो पितळी दाणा, तेवढ्यावरच नेम धरायचा. पहाटे तो दिसत नाही, म्हणून पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्याला लावा. दुर्बीण म्हणे! छर्र्याच्या बंदुकीला दुर्बीण म्हणजे बैलाला चष्मा.

काडतुसांचं पुढच्या पत्री लिहीन. बठ्ठं एकदम सांगून टाकलं तर माझ्यापाशी काय राहील?

तानूला आशीर्वाद सांगा. लोभ जसा चालत आला तसा चालू द्यावा.

आपला
जीवराम


दोंडाईचा
ता. २५ सप्टेंबर १९६७

ती. स्व. नाना यांसी,
तोतारामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

बंदूक घरी आली! तुम्ही सांगितलं तसंच केलं. भर दुकानात डोळे मिटून उभा राहिलो तेव्हा गिऱ्हाइकं हसायला लागली. पण डोळे उघडले तर माशी बरोबर समोर! दुकानदाराने विचारलं, हे कोणी शिकवलं. म्हटलं, आमचे नाना आहेत पहूरला. दसऱ्याला तिची पूजा करणार. आताच निम्मी बाजारपेठ बघून गेली, आणि जो तो म्हणतो, आता जीवराम नानांनी ठासणीची खुंटीला टांगावी. मी हसतो नुसता.

एक गंमत सांगायची राहिली. परवान्यावर मालकाशिवाय आणखी एकाचं नाव घालता येतं. त्याला रिटेनर म्हणतात. त्यालाही ती बंदूक बाळगता येते. मी तुमचं नाव दिलं. कारकुनाने विचारलं, नोकर का? मी हो म्हटलं, त्या रकान्यात तेच लिहावं लागतं. तर नाना, सरकारदरबारी तुम्ही आता माझे नोकर! पगार काय घेणार ते कळवा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे शेतात बसायचं ठरवलंय. तेवढं काडतुसांचं लिहा. दुकानदार म्हणतो एल.जी. घ्या, पण तुमच्या शब्दाशिवाय मी घेणार नाही.

तुमचा लोभ आहे म्हणून तर हे धाडस.

आपला
तोताराम


पहूर
ता. ४ ऑक्टोबर १९६७

रा. रा. तोतारामशेठ मालक यांस,
नोकर जीवरामचा रामराम वि. वि.

पत्र पोचलं. रिटेनर म्हणजे काय ते इथल्या मास्तरांना विचारलं. पदरी ठेवलेला माणूस, असं ते म्हणाले आणि विचारायला लागले की कोणाच्या पदरी. मी घरी निघून आलो. पाहुणे, या गावात डुक्कर आलं की लोक माझ्या दाराशी येतात, पाटलाच्याही नाही. तुमची पूजा, तुमची बाजारपेठ, तुमचे ते घोडे, सगळं वाचलं. ठासणीची खुंटीला टांगायची की कशी, ते ज्याची त्याने बघावं.

आता काडतुसांचं. एल.जी. घेऊ नका. ती महाग, म्हणून दुकानदार गळ्यात मारतात. सहा नंबरची घ्या. नंबर मोठा तसा मार मोठा. खाली बांधाआड बसा, माचाण बांधून वेळ घालवू नका. डुक्कर पंधरा पावलांवर येऊ द्या आणि मग झाडा.

अधिक काय लिहू? मालकांनी सांभाळून घ्यावे.

आपला
जीवराम


दोंडाईचा
ता. १७ ऑक्टोबर १९६७

ती. स्व. नाना यांसी,
तानूचा नमस्कार वि. वि.

माझं कुंकू शाबूत आहे. हे आधी वाचा, मग पुढचं.

दिवाणजी पोळ्यापासून आजारी पडून गावी गेलेत. तेव्हापासून तुमची मोडी मीच वाचून दाखवते. विसरलात का? धूळपाटीवर माझं बोट धरून तुम्हीच शिकवली होती. तुमचं पत्र आलं तेव्हा हे समोर बसून सुपारी कातरत होते. मी मोठ्याने वाचत होते. पुढची ओळ डोळ्यांनी आधी दिसते, तशी ती दिसली. सहा नंबर!

नाना, छर्र्यांच्या डब्यांवर खडूने आकडे कोण लिहायचं? मीच ना? आकडा वाढतो तसा छर्रा बारीक, एल.जी. काबुली हरभऱ्याएवढा आणि सहा नंबर बाजरीएवढा, सहा नंबर तितराला, हे मला नऊ वर्षांची असताना तुम्हीच पाठ करून घेतलं होतं. आणि बारीक छर्रा डुकराला मारला की काय होतं तेही मी पाहिलंय. तुमची मांडी फाडली होती त्याने. गाडीत जळगावपर्यंत पटक्याचं कापड दोन्ही हातांनी दाबून मीच बसले होते. ती खूण रोज धोतर नेसताना दिसत असेल ना तुम्हाला? मग तू हे कसं लिहिलंस रे, नाना? हात कसा नाही थांबला तुझा?

मी थांबले नाही, अडखळलेही नाही. वाचलं, की एल.जी.च घ्या, सहा नंबरला हातसुद्धा लावू नका, माचाण बांधल्याशिवाय बसू नका. तुम्ही जे लिहायला हवं होतं ते मी वाचलं. पत्र चुलीत घातलं.

रविवारी उजाडताना डुक्कर आलं. सुळेवालं. पहिल्या बाराने खाली बसलं, उठलं आणि थेट माचाणाच्या झाडावर चालून आलं. दुसऱ्या बाराने बुंध्याशी पडलं. सुळ्याने खोडाची साल निघालीय, मी जाऊन बघून आले. आता हे आल्यागेल्याला सांगतात, नानांनी सांगितलं म्हणून जिवंत आहे. मी ऐकते आणि चुलीकडे तोंड फिरवते.

तुम्ही जळता, ते मला कळतं. परवाना आधी तुम्हालाच मिळायला हवा होता. त्या रिटेनरवर ह्यांनी मला विचारलं होतं, नाना रागावतील का. मीच म्हटलं, हसतील. चुकलं माझं. भुईमूग निघाला की बंदूक उन्हाळाभर पहूरला तुमच्याकडे राहावी, म्हणून ती सगळी खटपट होती. अर्जाचं काही होत नाही हे बघून त्यांना वाईट वाटायचं.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. भाऊबीजेला या. मी ओवाळीन. पण डोळ्यांत बघायला लावू नका.

तुमची
तानू


पहूर
ता. २४ ऑक्टोबर १९६७

रा. रा. तोतारामजी पाहुणे यांस,
जीवरामचा रामराम वि. वि.

हे पत्र बाळबोधीत लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, चार ओळींना तासभर लागतो. पण हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं. मधे कोणी वाचणारं असलं की ते मला सांभाळून घेतं.

एल.जी. घ्या, माचाणावर बसा, हे मी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं सहा नंबर, खाली बांधाआड बसा, पंधरा पावलांवर येऊ द्या. चुकून नाही लिहिलं. सहा नंबरने डुक्कर मरत नाही, चवताळतं, हे माझ्या मांडीला ठाऊक आहे. तुमच्या दारात बाजारपेठ जमली, तुम्हाला दोन महिन्यांत कागद मिळाला, मला नोकर लिहिलं, आणि माझी आग आग झाली. तुमची फजिती व्हावी एवढंच मनात होतं, असं म्हणावंसं वाटतं. पण पंधरा पावलं लिहिताना मी शुद्धीत होतो. तुम्हाला तानूने वाचवलं. माझी शाबासकी तुम्ही जिथे जिथे वाटलीत, तिथून परत मागून घ्या आणि तिला द्या.

आणखी एक खरं सांगतो, आता लपवून काय करू? दोन बारांत सुळेवालं आडवं केलंत हे वाचून आधी माझ्या पोटात दुखलंच. मग बाहेर ओट्यावर जाऊन रडलो.

परवान्यावरचं माझं नाव खोडायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. ठेवलंत तर रकान्यात नोकर हाच शब्द राहू द्या. भाऊबीजेला बोलावणं आहे, पण ते तानूचं. तुमचं आलं तर येईन.

पत्राच्या शेवटी लोभाचं एक वाक्य लिहायची आपली रीत आहे. ते या खेपेला मी लिहीत नाही.

जीवराम