शब्दकोशातलं माझं नाव

३ जून

डिस्टिंक्ट, डिस्टिंक्टिव्ह, डिस्टिंग्विश्ड — काय डोकं खाल्लंय या तीन भावंडांनी! सुटा, स्वच्छ दिसतो तो पहिला. शंभरांत ओळखू येते ती लकब दुसरी. आणि ज्याला पुढच्या खुर्चीत बसवतात तो तिसरा. आमचे संपादक सर म्हणायचे, "अर्थ कुणीही देतं हो, उदाहरण द्या!" मी घरातलीच द्यायचे. ह्यांची शिंक दुसऱ्या कार्डावर — गल्लीच्या टोकाला ऐकली तरी कुणाची ते कळतं. अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर शब्दांची कार्डं पसरली. उद्या इंग्रजी-मराठी कोश छापून हातात येणार.

४ जून

माझं नाव नाही.

५ जून

पुन्हा पाहिलं. पहिलं पान, शेवटचं पान, आभारसुद्धा. बाइंडरचं नाव आहे! सरांचं तर केवढं ठळक. तडक त्यांच्या टेबलाशी गेले.

"अहो, तुमच्या घरूनच फोन आला होता. नाव नको म्हणून. मला वाटलं, तुम्हीच —"

पुढचं ऐकायला थांबलेच नाही. मला विचारायला काय झालं होतं? दोन टेबलं सोडून तर बसते मी!

घरून म्हणजे कोण? घरात आम्ही दोघं आणि माझी आई. आई कधी कुणाला फोन करत नाही. राहिलं कोण?

६ जून

ह्यांना विचारलं. "वेड लागलंय का तुला? मी कशाला करू?" वर माझ्या गळ्याची शपथ! एरवी चिडवायचे, "कोशवाल्या बाई, घरात एक नवरा पण आहे, त्याचाही अर्थ बघा." मी हसायचे. मूर्ख मी! इतकी वर्षं राग पोटात ठेवला आणि केसानं गळा कापला. त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. आई अर्ध्या पानावरून उठली.

९ जून

अबोला. आज भाजी खारट झाली, ह्यांनी निमूट खाल्ली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

१० जून

"मीच केला फोन," आई म्हणाली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

तिनं टेबलावरचं एक कार्ड वाचलं होतं. डिस्टिंक्टली. माझं उदाहरण — 'वडील दुसऱ्या बाईकडे जातात, हे आम्हां मुलांना स्पष्ट दिसत होतं. आई तेवढी म्हणायची, कामाला गेलेत.'

"वाक्य काढा म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून तुझं नाव काढायला सांगितलं. निदान कुणाचा बाप ते तरी कळणार नाही." मग म्हणाली, "मला दिसत नव्हतं, असं वाटलं तुला?"

त्या कार्डावर सरांचा शेरा होता — उत्तम. मी ते ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आई तिथेच बसली होती.