चौथऱ्यापाशी काजवा

ती. बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. टाकायला पत्ता नाही, म्हणून निदान खरं लिहिते.

मला पाचवा महिना आहे. अजून थोडे दिवस घोड्यावर बसू का, असं डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. आणि घोड्याला कसली घाई आहे? त्याला थोडंच खराडीला ऑफिस गाठायचंय?" तुमचा जावई केदार म्हणाला, "तुझं तू ठरव." मी थांबायचं ठरवलं.

पण काजव्याचं वय तुम्हाला ठाऊक आहे. मी शाळेत असताना तुम्ही मला ज्याच्यावर बसवलंत, तोच काजवा. मी पुन्हा बसण्याजोगी होईन, तेव्हा त्याच्या पाठीला मी पेलेन असं वाटत नाही.

तुमच्या घोडेस्वारीच्या क्लासमध्ये "शेवटची फेरी" म्हणायला बंदी होती. ते ऐकलं की घोडे तबेल्याकडे ओढ घेतात, म्हणून तुम्ही नुसतं "उतर" म्हणायचात. मला दर वेळी वाटायचं, अजून एक फेरी राहिली. तुम्ही गेलात तेव्हाही तसंच वाटलं.

काल तबेल्यात गेले. मी ज्या चौथऱ्यावरून चढते, तिथे काजवा आपणहून जाऊन उभा राहिला. मी लगाम धरून त्याच्या शेजारून चालत राहिले. प्रत्येक फेरीत तो चौथऱ्यापाशी थांबायचा आणि मान वळवून माझ्याकडे बघायचा.

तुम्ही शिकवलंत तसं, मी त्याला काही सांगितलं नाही. नुसतं "चल" म्हणाले.

तुमची,
ओवी