कुलूप होतं म्हणे

अवधूत,

भिंतीकडे तोंड करून पडलास म्हणून लेक परत येत नाही. नोकरीला परदेशी गेलेल्या सुरुचीचा फोन नाही, त्याला आज नववा दिवस. तिचा फोटो घेऊन मी नि भाग्यश्री पुन्हा पोलीस चौकीत चाललोय. कुकरमध्ये भात आहे, जेव. फोन वाजला तर उचल.

काल साहेबांना म्हटलं, "अहो, त्या कंपनीच्या साइटवर, वर पत्त्याशेजारी असतं ते कुलूप होतं, मुलानं नीट बघितलंय." ते म्हणाले, "आजी, कुलूप म्हणजे आपण पाठवलेलं वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. अशी कंपनीच नाही." म्हणजे पोरीचा पासपोर्ट, फोटो, सगळं वाटेत कोणाच्या नजरेस न पडता थेट लुच्च्यांच्या हाती पोचलं.

तुला भाग्यश्रीचं स्थळ आलं तेव्हा तिच्या गल्लीतल्या वाण्यापर्यंत चौकशी केली होती मी. या खेपेला कोणालाच विचारलं नाही, पोरीच्या हातावर दही ठेवून मोकळी झाले.

मघाशी उंबऱ्यातून बोलले ते ऐकूनही तू वळला नाहीस, म्हणून लिहून ठेवते: "अवधूत, तू लेकीला कुलपाच्या भरवशावर पाठवलंस, आणि मी तुझ्या."