एक जूनला जन्मलेली

गुरुजी, या एकतीस मेला मी निवृत्त झाले. तुम्ही ठरवलेल्या दिवशी. खरं तर माझी चार महिन्यांची नोकरी बाकी होती, पण कागदावर मी एक जूनची, आणि तो कागद तुमच्या हातचा.

बार्शीटाकळीच्या शाळेत आई माझं नाव घालायला आली तो दिवस मला आठवतो. तुम्ही खुर्चीवर, आई दाराशी उभी, मी तिच्या पदराला धरून. तुम्ही जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, "तान्ह्या पोळ्याची हाये जी, दुपारच्याले झाली." तुम्ही मान वर न करता म्हणालात, तारीख पाहिजे, सण नाही. आणि एक जून लिहून टाकलीत. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं एक जूनची होती. आई वाटभर सांगत होती, गुरुजी शिकलेले आहेत, त्यांना ठाऊक असेल.

तेच तुम्ही रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचात. कुठल्या शास्त्रज्ञाचा जन्म, कुठला तह, कोण कधी वारलं. वर्षासकट, एका दिवसाची चूक नाही. सहावीत माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम तुम्ही माझ्याकडे दिलंत, आणि मला किती आनंद झाला होता ते तुम्हाला कधी कळलं नाही. मग तान्हा पोळा आला. तुम्ही दिलेल्या तीन ओळी लिहून झाल्यावर मी खाली चौथी लिहिली: आज माझा जन्म. तुम्ही वर्गात येता, वाचता, चष्मा काढता. सगळा वर्ग हसतो आहे. तुम्ही मला ती ओळ हातानं पुसायला लावता आणि म्हणता, "या फळ्यावर नाव यायले आधी काही करून दाखवा लागते."

मी पुसली. पण वरच्या ओळींकडे बोट दाखवून विचारलं, "गुरुजी, मंग जन्माच्या दिवशी त्याईनं काय केलं होतं?"

मधल्या सुट्टीपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. माफी माग म्हणालात, मी मागितली नाही. आजही मागत नाही.

अमरावतीला डी.एड.ला असताना मी वाचनालयात जाऊन जुनी पंचांगं काढली. आईला वर्ष पक्कं आठवत होतं, दादाचं नाव त्याच वर्षी शाळेत घातलं होतं. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, म्हणजे सप्टेंबर. तारीख हाताच्या तळव्यावर लिहून घेतली आणि परतवाड्याहून येणाऱ्या मावशीची वाट पाहत स्टँडवर बसले तेव्हा ती पुन्हा पुन्हा वाचत होते. कागद बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

अकोल्याच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले तेव्हा मीही दिनविशेष सुरू केला. मोठ्या माणसांच्या खाली त्या दिवशी जन्मलेल्या पोरांची नावं. ज्यांना तारीख नव्हती त्यांच्या घरी मी गेले. दाईला विचारलं, आजीला विचारलं, कुणी म्हणालं रमजानचा चौथा रोजा होता, कुणी म्हणालं कापूस वेचून आलो अन् कळा सुरू झाल्या. जमेल तेवढं शोधलं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्या दिवशी फळ्यावर सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीचं नाव होतं. ते म्हणाले, महापुरुषांच्या रांगेत हे शोभत नाही, वरून यादी येते तेवढीच लिहा, हे पुसा. मी डस्टर त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "तुमीच पुसा साहेब. पोरगी दुसऱ्या बाकावर बसली हाये, तिच्यासमोर पुसा." त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. साहेबांनी डस्टर टेबलावर ठेवलं आणि शेरेबुकात माझ्याविरुद्ध अर्धं पान लिहिलं. लेखी खुलासा मागवला. मी एका ओळीत दिला: त्या दिवशी तिचा जन्म झाला, ही माहिती खरी आहे. पुढं काही आलं नाही, आणि नावं लिहिणं मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबवलं नाही. साहेबांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही हाच खुलासा दिला असता.

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं होतं म्हणून लिहायला बसले. पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट राहिली. मेळघाटातून बांधकामावर आलेली एक बाई जूनच्या गर्दीत मुलीला घेऊन आली होती. तारीख विचारली तर म्हणाली, महू, म्हणजे मोह, फुलला होता तेव्हाची. बाहेर रांग होती, माझं डोकं दुखत होतं. उद्या विचारू म्हणून मी एक जून लिहिली. दिवाळीच्या आधीच ते लोक गाव सोडून गेले. ती मुलगी आता कुठंतरी माझ्या अक्षरातली तारीख सांगत असेल.