हात अगदी स्थिर आहे

५ मार्च, सकाळी सहा
डॉक्टर म्हणाले, थायरॉइड फार जोरात चालली आहे. म्हणजे निदान एक अवयव तरी माझ्यासारखा कामसू निघाला. रोज दोन गोळ्या, सहा आठवड्यांनी रक्त, आणि मनाने काहीही बदल करायचा नाही. हे शेवटचं ते बायकोकडे बघून म्हणाले. का, कळलं नाही.

धडधड, घाम, सहा किलो वजन गेलं. एवढं चालतं. हात थरथरतो, ते चालत नाही. आमची लॅब वजनं तपासते. मुख्य तराजूवर चिमट्याने मिलिग्रॅमची वजनं ठेवायची हे काम बावीस वर्षं माझं. साहेबांनी ते तात्पुरतं ज्युनिअरला दिलंय. मुलगी बरी आहे, मीच शिकवली. जूनमध्ये माझी चाचणी. हात स्थिर दिसला तर टेबल परत.
संकल्प: गोळी. रोज. वेळेवर.

३ एप्रिल
धडधड बंद. हात स्थिर. म्हणजे रोग गेला. दोनाऐवजी एक गोळी पुरे. बायकोने विचारलं, डॉक्टरांना विचारलं का. मी म्हणालो, बावीस वर्षं मिलिग्रॅममध्ये काम करणाऱ्याला डोस शिकवू नकोस. ती म्हणाली, गोळीही मिलिग्रॅमचीच असते. विषय बदलला.

१८ एप्रिल
रिपोर्ट वाईट. लॅबची चूक असणार. मशीन शेवटचं कधी तपासलं होतं, असं तिथल्या माणसाला विचारलं. त्याने भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. तारीख चालू होती. तरीही.

डॉक्टरांनी विचारलं, रोज दोन घेताय ना? हो म्हणालो. खोटं नाही, सुरुवातीला घेतच होतो. त्यांनी तीन केल्या. आता तिन्ही घेणार, शिवाय बुडालेल्यांची भरपाई म्हणून एक वर. रात्री पंखा फुल. बायको दोन चादरी घेऊन हॉलमध्ये झोपली. तिला थंडी फार वाजते.

२४ मे
सगळे उकाड्याने हैराण, मी स्वेटरमध्ये. चेहरा सुजलाय, बायको म्हणते, आरशात बघा. बघितलं, तब्येत सुधारलेली वाटली. साहेबांच्या मीटिंगमध्ये डोळे मिटून विचार करत होतो. ज्युनिअरने हलवून जागं, म्हणजे सावध केलं.

ही सगळी गोळ्यांचीच गुंगी, आणि झोपाळू माणूस चाचणीला काय बसणार? गोळ्या पूर्ण बंद, चाचणीपर्यंतच. पुढची रक्ततपासणीही पुढे ढकलली. डॉक्टरांचा उगाच गोंधळ होतो.

१५ जून, दुपारी
चाचणी झाली. तपशील लिहीत नाही.

१५ जून, संध्याकाळी
लिहितो. आठवडाभर परत धडधड होती, ती उत्साहाची समजलो. चिमट्यात वजन धरलं की चिमटाच नाचायचा. तीनदा पडलं. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, आणि मी ते बोटांनी उचलून ठेवलं.

मुख्य वजन, ज्यावरून बाकीची सगळी तपासतात. उघड्या बोटांनी. बोटाचा तेलकटपणा लागला की ते वजन बाद. ज्युनिअर पहिल्याच दिवशी हात लावायला गेली होती, तेव्हा तिला रडू येईपर्यंत बोललो होतो.

ती शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, "सर, तुम्ही सांगता की मी सांगू?"
मी तत्त्वाचा माणूस. स्वतःहून सांगितलं. साहेबांनी रजिस्टर उघडून नोंद केली. त्यांनी ओरडायला हवं होतं. आख्खा संच आता बाहेर तपासायला जाणार. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडलो. लाज वाटली, थायरॉइडचा काही संबंध नाही.

१७ जून
कालच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. बायकोही आली, नको म्हटलं तरी. डॉक्टर म्हणाले, एप्रिलमध्ये थायरॉइड वर, आता पुन्हा वर, औषध लागू पडत नाही असं दिसतं. बायकोने पर्समधून माझी न संपलेली पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "यांना विचारू नका. हे मोजा."
डॉक्टरांनी मोजली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं.
आता गोळ्या तिच्या ताब्यात. सकाळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. मी तिला सहकार्य करतो आहे.

२० सप्टेंबर
रिपोर्ट नॉर्मल. आधीचाही नॉर्मल होता. चिमटा घेऊन घरी सराव केला, तीळ उचलून. एकही पडला नाही. दोन्ही रिपोर्ट घेऊन थेट साहेबांकडे.

साहेब मनापासून खूश झाले. माझा हात हातात धरून पाहिला, स्थिर म्हणाले. मग म्हणाले, टेबल ज्युनिअरच्या नावावर कायम झालंय, काम चोख आहे तिचं. पण ट्रकच्या वजनकाट्यावर माणूस हवा होता. दिवसभर उन्हात उभं राहायचं, म्हणून तुमच्या तब्येतीकडे बघून विचारत नव्हतो. आता तो प्रश्नच मिटला.
तिथलं सगळ्यात लहान वजन वीस किलोचं.

घरी सांगितलं, नवी जबाबदारी, मोकळी हवा, एक प्रकारे बढतीच. बायको म्हणाली, साहेबांनी मागच्या आठवड्यातच फोन करून विचारलं होतं, यांना झेपेल का. ती हो म्हणाली. उन्हासाठी टोपीही आणून ठेवली आहे.
घालून बघितली. बरोबर बसते.